मोबाईल काढून घेऊ का? उपाशी राहायला शिकवणारे ग्रुप आणि घरच्यांनी करायची कामं

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी १७ वर्षांची, बेळगावात वसतिगृहात राहून पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, शिकते. दिवाळीला निपाणीजवळच्या गावी आली तेव्हा कपडे अंगावर लोंबत होते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपवास धरलेत. पाळी तीन-चार महिने आलेली नाही. थोरल्या भावाला तिच्या मोबाईलवर एक ग्रुप दिसला. त्यात मुली रोज कोण किती वेळ उपाशी राहिली ते लिहितात, फोटो टाकतात, आणि जी जेवली ती सगळ्यांची माफी मागते. आई विचारते, मोबाईल काढून घेऊ का, की वयाबरोबर हे जाईल?

ताई, हे वयाबरोबर जाणारं नाही. ही लक्षणं ॲनोरेक्सियाची, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने उपाशी राहण्याच्या मानसिक आजाराची, वाटतात. आणि मोबाईलचं नंतर बघू, आधी तिच्या हृदयाचं बघायला हवं. पाळी थांबली याचा अर्थ शरीराने खर्च कमी करायला सुरुवात केली आहे. ही काटकसर पाळीपाशी थांबत नाही, ती हाडांपर्यंत आणि हृदयाच्या स्नायूपर्यंत जाते. म्हणून सुट्टी संपायची वाट बघू नका, याच आठवड्यात तिला चांगल्या एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरांकडे न्या.

तिथे काय करून घ्यायचं ते लिहून न्या. नाडी आणि रक्तदाब आडवं असताना एकदा आणि उभं राहिल्यावर एकदा. अंगाचं तापमान, ताप आहे का म्हणून नाही, ते घसरलंय का म्हणून. ईसीजी. रक्तात सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, साखर, हिमोग्लोबिन, किडनी, लिव्हर आणि थायरॉइड. फॉस्फेट मुद्दाम सांगा, नेहमीच्या तपासण्यांत ते बहुधा नसतं. टीबी, मधुमेह, आतड्यांचे आजार यांनीही वजन उतरतं, तेव्हा डॉक्टर तेही बघतील. पाळी चुकली आहे म्हणून गरोदरपणाची चाचणीही सांगतील. तो संशय नव्हे, पद्धत आहे. मुलीवर त्यावरून चिडू नका.

जागेपणी नाडी मिनिटाला ५०च्या खाली, उभं राहिल्यावर वरचा रक्तदाब २०ने घसरणं, चक्कर येऊन पडणं, तापमान ३५.५ अंश सेल्सियसच्या खाली, पोटॅशियम कमी, पाणीसुद्धा न घेणं, किंवा मरण्याची भाषा. यातलं एकही असलं तर घरी प्रयोग करायचे नाहीत, दाखल करायचं. आणि उलट बाजूही ध्यानात ठेवा. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे मुलगी बरी असं होत नाही. उपाशी शरीर रक्तातले आकडे बरेच दिवस सांभाळून धरतं आणि मग एकदम सोडतं.

आपल्या भागात इथेच चार गोष्टी चुकतात. पहिली म्हणजे 'अशक्तपणा आलाय, दोन सलाईन लावा'. खूप दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम ग्लुकोज गेलं की इन्सुलिन वाढतं, आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं. हृदय आणि श्वासाचे स्नायू त्यावाचून चालत नाहीत. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात आणि त्याने माणूस दगावतो. त्याचा धोका पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त, म्हणून ज्यांचं वजन फार उतरलंय त्यांना थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आधी देतात, आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवतात आणि त्या दिवसांत फॉस्फेट पुन्हा पुन्हा तपासतात. दुसरी चूक थायरॉइडच्या गोळीची. उपासमारीत शरीर स्वतःहून टी-३ हे थायरॉइडचं संप्रेरक कमी करतं, तो रिपोर्ट बघून गोळी सुरू केली तर दमलेल्या हृदयाला चाबूक बसतो. तिसरी, पाळी आणायच्या गोळ्या. त्यांनी रक्तस्राव होतो आणि घरच्यांना वाटतं, झालं सुरळीत. पण हाडं त्याने वाचत नाहीत, वजन परत आल्यानेच वाचतात. चौथी, भुकेचं टॉनिक. या मुलीची भूक मेलेली नाही, ती भुकेशी झगडते आहे. तिथे टॉनिकचा उपयोग नाही.

आता तिच्याशी बोलण्याचं. तुम्ही तिला समजावलं असणार, 'अगं आरशात बघ, हाडं दिसतायत.' तिला पटलं नाही, यात तुमचं समजावणं कमी पडलं असं नाही. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्या पुरुषांना बारीक व्हायची हौस नव्हती. तरी काही आठवड्यांत ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती जमवू लागले, ताटातला घास तासभर चिवडत बसू लागले. चिडचिडे झाले, मित्रांपासून तुटले, थंडीने कुडकुडू लागले. म्हणजे हट्टीपणा, एकलकोंडेपणा, स्वयंपाकघरात तासन्‌तास उभं राहून दुसऱ्यांना आग्रहाने वाढणं आणि स्वतः न खाणं, यातलं बरंचसं उपासमारच करते. पोटात अन्न गेल्यावरच विचार सैल होतात. आधी पटवायचं आणि मग जेवू घालायचं, हा क्रम या आजारात उलटा चालतो.

आणि इथेच तो ग्रुप सगळ्यात मोठं नुकसान करतो. मेंदू ज्या वेळी स्वतःचं खरं-खोटं करू शकत नाही, त्या वेळी हे लोक त्याला शब्द पुरवतात.

असे ग्रुप एका दिवसात सापडत नाहीत. मुलगी आधी साधं 'डाएट' शोधते. कुणी डॉक्टर 'पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा त्रास) आहे, वजन कमी कर' एवढंच म्हणून मोकळे झालेले असतात, किंवा लग्नात कुणी काकूने दंडाला हात लावून काही बोललेलं असतं. दोन-चार व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले की त्याच जातीचे आणखी कडक व्हिडिओ समोर येऊ लागतात. मग मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगचे हॅशटॅग, तिथून खासगी खातं, आणि शेवटी टेलिग्राम, डिस्कॉर्ड किंवा व्हॉट्सॲपवरचा बंद ग्रुप. आत घ्यायला फोटो आणि आकडे मागतात. ॲनोरेक्सिया आणि बुलिमिया (भरमसाट खाऊन ते उलटीने वगैरे बाहेर काढण्याचा आजार) यांना तिथे मुलींसारखी लाडकी नावं आहेत, ॲना आणि मिया. आजाराला मैत्रिणीचं नाव दिलं की तो सोडणं म्हणजे मैत्रिणीला दगा देणं, असं वाटू लागतं.

ग्रुपमधल्या युक्त्या मी इथे लिहिणार नाही आणि तुम्हीही तिच्याकडून वदवून घेऊ नका, नातेवाईकांना सांगू नका. पाठीशी आजार असलेली दुसरी मुलगी ते वाचते तेव्हा तिला ती यादी सूचनापत्रासारखी उपयोगी पडते. पण ग्रुप चालतो कसा हे कळायला हवं. तिथे जी सगळ्यात आजारी, तिला सगळ्यात मान. त्यामुळे प्रत्येकीला आपण 'पुरेशा आजारी नाही' असं वाटत राहतं, आणि पुरेशा आजारी नाही म्हणून डॉक्टरकडे जायचा हक्क नाही, असंही. जेवणं हा गुन्हा, त्याला शिक्षा. डॉक्टर आणि आई-वडील हे शत्रू, त्यांच्यापासून काय लपवायचं याचं शिक्षण. एखादी बरी व्हायला निघाली तर काही जणी शुभेच्छा देतात, बाकीच्या तिला ओढून परत आणतात. आणि रात्री दोन वाजता रडू आलं तर उत्तर देणारं तिथे कुणीतरी जागं असतं. मुलगी यासाठी तिथे राहते. वसतिगृहाच्या खोलीत कानडी-मराठी-इंग्रजीच्या ओढाताणीत, 'नीट' या मेडिकल प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाखाली दबलेली, घरापासून दूर असलेली मुलगी या सोबतीला सहज धरून बसते. ग्रुप तोडताना ही सोबत तुटते, तिच्या जागी माणूस उभं करायला लागतं. हे न करता नुसता फोन हिसकावला तर ती दुसऱ्या फोनवरून, मैत्रिणीच्या खात्यावरून तिथेच जाते, आणि घरात जे थोडं सांगत होती तेही बंद करते.

बंदीने हे संपेल अशी आशाही नको. याहूने २००१ मध्ये अशी पानं काढायला सुरुवात केली. २०१२ मध्ये टम्बलर, पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्रामने नियम केले. २०२५ मध्ये टिकटॉकने बारीकपणाचा एक गाजलेला हॅशटॅग अडवला. दर वेळी मजकूर थोडं नाव बदलून पुढच्या ठिकाणी गेला. आणि रोमन लिपीत लिहिलेलं मराठी किंवा कानडी या गाळण्यांतून निसटायला आणखी सोपं. मुळात चित्रांची ताकद कमी समजू नका. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ साली पहिल्यांदा टीव्ही आला. तेव्हा विचारलेल्या शाळकरी मुलींपैकी वजनासाठी उलटी करते असं कुणीच सांगितलं नव्हतं. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, ११ टक्क्यांहून जास्त मुलींनी ते सांगितलं. तो नुसता टीव्ही होता, उत्तर न देणारा. आताचा पडदा मुलीचं नाव घेऊन बोलतो.

तर मोबाईलचं असं करा. डॉक्टरांची पहिली भेट होईपर्यंत भांडण करू नका. भावाने चोरून बघितलं हे लपवू नका, तिला आज ना उद्या कळेलच. शांत वेळ बघून, जेवणाच्या ताटावर नव्हे, एवढंच म्हणा: 'तो ग्रुप आम्ही पाहिला. तुझ्यावर राग नाही. तुला किती एकटं वाटत असेल ते कळलं नाही याचं वाईट वाटतं. आपण मिळून बाहेर पडू.' मग तिच्या शेजारी बसून, तिच्याच हाताने ग्रुप सोडायचा, खात्यांची तक्रार करायची, ब्लॉक करायचं. कॅलरी आणि पावलं मोजणारी ॲप काढायची. इन्स्टाग्रामवर सुचवलेला मजकूर रिसेट करायची सोय आहे, यूट्यूबवर पाहिल्याचा इतिहास पुसता येतो. हे केलं नाही तर ग्रुप गेला तरी तेच व्हिडिओ परत येतात. पुढचे काही आठवडे नको ते दिसलं की 'नॉट इंटरेस्टेड' दाबत राहायचं. रात्री दहानंतर घरातले सगळे मोबाईल, तुमचासुद्धा, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. फक्त तिचाच नेला तर ती शिक्षा होते. वर्गातल्या मैत्रिणींशी बोलायला फोन राहू द्या, त्या मैत्रिणी आता जास्तच लागणार आहेत.

एक गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. काही पुरुष 'कोच' म्हणून या ग्रुपांत शिरतात, प्रगती बघायच्या निमित्ताने कमी कपड्यांतले फोटो मागतात आणि मग धमकावतात. मुलगी १८च्या आतली आहे, तेव्हा हा पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा) आणि आयटी कायद्याच्या ६७-बी कलमाखालचा गुन्हा आहे. असं काही निघालं तर चॅट पुसू नका. नाव, नंबर, तारीख, खात्याची लिंक लिहून ठेवा, पण ते फोटो कुणालाही, नातेवाईक वकिलालासुद्धा, पुढे पाठवू नका. राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी तक्रारीचा वेगळा भाग आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आणि पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते.

आता जेवण, कारण औषध तेच आहे. किशोरवयातल्या ॲनोरेक्सियात ज्या उपचाराचा सगळ्यात चांगला पुरावा आहे त्यात सुरुवातीला जेवणाचा सगळा कारभार आई-वडील हातात घेतात. काय, किती, कधी, हे मुलगी ठरवत नाही. बरी होईल तसा तो एकेक करून तिच्या हातात परत देतात. तीन जेवणं आणि मधली दोन-तीन खाणी, साधारण तीन तासांहून जास्त खंड नाही. सकाळी दुधासोबत उप्पीट किंवा पोहे, अकराच्या सुमारास केळं आणि शेंगदाण्याचा लाडू, दुपारी भाकरी, आमटी, तूपभात, उसळ, दही, संध्याकाळी दूध आणि काहीतरी पोटभरीचं, रात्री पूर्ण जेवण. परकं काही लागत नाही. शेंगाचटणी, तीळ, तूप, दूध यांत कमी घासांत जास्त ताकद आहे. प्रमाण मात्र आहारतज्ज्ञ किंवा डॉक्टर ठरवतील, पहिल्या दिवसांतलं तर नक्कीच.

ताट तुम्ही वाढायचं, घरातल्या एका मोठ्याने समोर बसून जेवायचं. जेवणाला अर्धा तास, खाण्याला पाव तास. गप्पा दुसऱ्या, शेतातल्या, मालिकेतल्या, कशाच्याही, पण अन्नाच्या आणि वजनाच्या नाहीत. रडली, ओरडली, 'तुम्ही मला मारताय' म्हणाली तरी आवाज न चढवता 'हे औषध आहे, मी बसलेय इथेच' एवढंच. तिच्याशी अर्ध्या भाकरीवरून सौदा करायला बसू नका, त्यात आजार दर वेळी जिंकतो. जेवणानंतर तासभर कुणीतरी सोबत असावं, अंगणात, टीव्हीपुढे, आज्जीजवळ. घरात वजनकाटा असेल तर बाहेर काढा. वजन दवाखान्यातच, आकडा तिला दाखवायचा की नाही ते उपचार करणारे ठरवतील. आणि सुधारू लागली की पाहुणे म्हणतील, 'गाल भरले गं, छान दिसतेस.' त्यांना आधीच सांगून ठेवा. तिच्या कानाला ते 'जाड झालीस' असंच ऐकू येतं.

उपवास सगळे बंद, डॉक्टर सांगेपर्यंत. हा धर्माचा अवमान नव्हे. आजारी माणसाला उपवासातून सूट असते हे आपल्याकडे कुणालाही मान्य आहे. हे तुम्ही सांगण्यापेक्षा आज्जीने किंवा घरातल्या वारकऱ्याने सांगितलं तर जास्त चालतं. व्रताच्या उपवासाला पारणं असतं, दुसऱ्या दिवशी घर मिळून जेवतं. आजाराच्या उपवासाला पारणं नसतं. तुमच्या मुलीने एका मागून एक वार जोडत नेले, ते नेमकं पारणं टाळण्यासाठी.

उलटी किंवा जुलाबाच्या गोळ्या, चूर्णं चालू आहेत का, हे डॉक्टरांनी तिला एकटीला विचारावं. आतल्या बाजूने झिजलेले वरचे पुढचे दात, कानाखाली सुजलेले गाल, बोटांच्या सांध्यावर चट्टे या खुणा दाताचे डॉक्टरही ओळखतात. जुलाबाने अन्नाची ताकद फारशी जात नाही, ती लहान आतड्यात आधीच शोषली गेलेली असते. जातं ते पाणी आणि पोटॅशियम, आणि पोटॅशियम घसरलं की हृदयाचा ठोका चुकतो. अशा मुलीचं वजन ठीक दिसत असलं तरी धोका कमी नसतो.

कुठे जायचं? बेळगावात बिम्स म्हणजे जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल, दोन्हीकडे मेडिसीन आणि मानसोपचार एकाच आवारात मिळतं. या आजाराला दोन्ही लागतात. धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, अवघड केस असेल तर तशीच बेंगळुरूची मोठी संस्था निम्हान्स. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं, तेही चालेल. मात्र एकच जागा धरा. चार डॉक्टर फिरलात तर प्रत्येकाकडे नवं टॉनिक मिळेल आणि वजनाची नोंद कुणाकडेच राहणार नाही. आणि सीमाभागातली एक अडचण आधीच सोडवा. डॉक्टर कानडी किंवा इंग्रजी बोलणारे आणि आई फक्त मराठी, अशा वेळी मधे दुभाषी म्हणून मुलगीच उभी राहते. आजारी मुलगी स्वतःच्या आजाराचं भाषांतर करते तेव्हा 'जेवते सगळं' एवढंच डॉक्टरांपर्यंत पोचतं. मराठी जाणणारी नर्स, समुपदेशक किंवा घरातला कानडी येणारा माणूस बरोबर हवाच. फोनवर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, दिवस-रात्र फुकट चालतं, कानडी आणि मराठी दोन्हींत.

'बाहेर कळलं तर लग्नाचं काय' ही काळजी पत्रात आहे, ती खोटी नाही. पण ॲनोरेक्सिया हा सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्या मानसिक आजारांपैकी एक आहे. त्यातले साधारण पाचांपैकी एक मृत्यू आत्महत्येने होतात, बाकीचे बरेचसे शरीर थकून. लपवण्यात महिने गेले की बरं होणं लांबतं. ही गोष्ट फक्त मुलींची नाही हेही भावाला सांगा. सैन्यभरतीची तयारी करणारी, तालमीत वजनगटासाठी अंग उतरवणारी, जिममध्ये पोटाच्या घड्या मोजणारी मुलंही अशाच ग्रुपांत अडकतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही.

परीक्षेसाठी लगेच वसतिगृहात परत पाठवू नका. पीयूसीला त्याच वर्षात पुन्हा परीक्षा देता येते. नाडी, रक्तदाब स्थिर आणि घरी आग्रहाशिवाय सगळी जेवणं होऊ लागली, की मग. तेव्हाही वॉर्डनशी ठरवून, मेसमध्ये शेजारी बसणारी एक विश्वासाची मैत्रीण किंवा ताई, आणि दर आठवड्याला वजन-नाडी. ग्रुप सोडल्यावरचे पहिले काही आठवडे आणि परीक्षेच्या आधीचे दिवस परत घसरण्याचे असतात. तेव्हा रोज संध्याकाळी फोन करा आणि 'जेवलीस काय?' याच्या आधी दुसरं काहीतरी विचारा.

ती एक प्रश्न नक्की विचारेल: 'आणि तिथल्या माझ्या मैत्रिणी?' तो टाळू नका, तिचा जीव त्यांच्यात खरोखर अडकलेला आहे. त्यातली कुणी मरायचं बोलत असेल, बेशुद्ध पडल्याचं सांगत असेल तर तिचं गाव, कॉलेज जेवढं माहीत असेल तेवढं घेऊन ११२ या आपत्कालीन नंबरला कळवा. हे काम तुमचं, मुलीचं नाही, आणि तिला ते तसं सांगा. त्याच वसतिगृहात आणखी मुली असतील तर वॉर्डनला कळवा, पण सगळ्यांना हॉलमध्ये बसवून ग्रुपचे स्क्रीनशॉट दाखवत भाषण किंवा ओळीने वजनं करायला लावू नका. त्याने ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही वाट कळते. मेसच्या वहीत कोण सलग जेवत नाही ते बघावं, आणि त्या मुलीला एकटीला बोलवून, दार लावून, तब्येतीची विचारपूस करावी.